पिवळ्या गोळ्यावरचा अंगठा

पिवळा रंग हवा असेल तर हळदीसारखं दुसरं काही नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी नातीसाठी खेळायची कणीक रंगवताना मी झेंडूच्या पाकळ्या उकळते. सुनेला हा खुळेपणा वाटतो. अकोल्याच्या दुकानांत प्लास्टिकच्या डब्यांतून तयार रंगीत गोळे मिळतात, ते आणायचे सोडून आई बिटाचा कीस पिळत बसतात. बरं, बसतात तर बसतात, घरात बरणीभर हळद असताना झेंडू कशाला, असं तिनं एकदा मला विचारलंही. मी म्हटलं, हळदीनं हात पिवळे होतात. मग बिटानं लाल होतात ते कसं चालतं, असं तिनं पुढं विचारलं नाही. शहाणी मुलगी आहे. पण आता सगळं लिहायलाच बसले आहे तर खरं कारणही लिहून टाकते. हळदीच्या गोळ्याला चुना लागला की तो लाल होतो, आणि तो लाल रंग मी लहानपणी पाहिला तेवढा मला पुरला.

तेव्हा आम्ही अमरावतीला राहायचो. वडील वकील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो आणि शक्यतो समोर जायचो नाही. घरात दादा, आई, मी, माझी धाकटी बहीण निमा आणि दादांची बहीण शशीआत्या, जिचं लग्न व्हायचं राहून गेलं होतं. मी चौथी-पाचवीत असेन, निमा अजून शाळेतही जात नव्हती. दादांच्या दोन भाषा होत्या. कोर्टात आणि पाहुण्यांसमोर ते पुस्तकातलं मराठी बोलायचे, ‘आपण बसावं’, ‘आपला काहीतरी गैरसमज होतो आहे’. हात उचलायचा असला की वऱ्हाडीत यायचे. ‘थांब, तुले दाखवतो’ एवढं ऐकू आलं की आम्ही दोघी ज्वारीच्या कोठीमागे. गावातली माणसं ज्या भाषेत एकमेकांना चहाला बोलावत, तिची मला त्यामुळे कितीतरी वर्षं भीती वाटायची. आई मारायची नाही. ती बोलायची. सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा झाला की तिच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा आणि त्या आवाजाच्या तालावर तिचं आत्याबद्दल बोलणंही. भाकर तव्यावर पडली की वाक्य पुरं व्हायचं. आपली आई वाईट नव्हती, असं आत्मकथनात लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही.

त्याच्या काही वर्षं आधी आमच्या घराच्या समोरच्या खोलीत आबा, म्हणजे माझे आजोबा, गेले. गेले म्हणजे एका दिवसात गेले नाहीत. माणसानं जन्मभर तंबाखू खाल्ली होती. डाव्या तळहातावर चिमूट घ्यायची, तिच्यावर चुन्याचं बोट, उजव्या अंगठ्यानं घासघास घासायचं, थाप मारून भुगा उडवायचा आणि गालात धरायचं. त्याच गालात गाठ आली. नागपूरला नेऊन किरणांचा शेक दिला. त्यानं गाठ गेली नाही, जबडा तेवढा बसला. चमचा जाईल इतकंच तोंड उघडायचं. पुढं गालाला आरपार भोक पडलं आणि पाजलेली पेज अर्धी त्या भोकातून मानेवर यायची. आत्या एका हातात चमचा धरायची, दुसऱ्या हातानं गालाला फडकं. वास असा होता की पोस्टमन पत्रं फाटकातूनच फेकायचा. दादा सकाळी नाकाला रुमाल लावून दारात उभे राहायचे, ‘आज बरं वाटतंय ना?’ विचारायचे आणि कोर्टात जायचे. आबांना उत्तर देता येत नव्हतं, ते दादांच्या सोयीचंच होतं. आईनं त्या खोलीतली भांडी वेगळी काढली होती, आत्यानं घासायची म्हणून. आबांचे शेवटचे महिने हे आत्याच्या लग्नाच्या वयाचे शेवटचे महिने होते, पण ते कोणी तेव्हा बोललं नाही. नंतर बोलले ते ती थोराड झाली असं बोलले.

आबा गेल्यावर आत्यानं ती खोली स्वतः चुन्यानं रंगवली, फरशी सोड्यानं धुतली आणि गल्लीतली लहान पोरं गोळा करून तिथं बालवाडी काढली. पोरांना खेळायला काहीतरी मऊ हवं म्हणून ती कणकेचे गोळे करायला लागली. आई घरची कणीक देईना. मग आत्या चक्कीवर जायची आणि जात्याभोवती सांडलेलं, झाडून ठेवलेलं पीठ मागून आणायची. त्यात ज्वारी, गहू, हरभरा, साऱ्या मोहल्ल्याचं सारं काही असायचं. ज्वारी चिकट नसते, म्हणून ती पाणी खळखळ उकळून त्यात पीठ वैरायची, वर ओंजळभर मीठ, तुरटीची पूड आणि सरकीचं तेल. वाफ निवायच्या आत मळायला घ्यायची. तिचे तळहात कायम लाल असायचे. मीठ-तुरटीनं गोळे नासत नाहीत आणि पोरं खातही नाहीत. नवीन आलेलं पोर एकदा चाटून बघायचं, तोंड वाकडं करायचं आणि आत्या म्हणायची, ‘झालं? समाधान झालं? आता बैल कर.’

रंग आम्ही करायचो. होळीच्या दिवसांत वाळवून ठेवलेली पळसाची फुलं भिजवली की केशरी. अंबाडीची बोंडं उकळली की गर्द लाल. पालकाचा हिरवा, पण तो दोन दिवसांत डबक्यासारखा व्हायचा. कुंपणावरच्या गोकर्णीच्या फुलांचा निळा, आणि त्यात लिंबू पिळलं की डोळ्यांसमोर जांभळा. काताचा तपकिरी, बैलांसाठी. सगळ्यात सोपा हळदीचा. खोलीभर उकळलेल्या पाल्याचा आणि तेलाचा वास असायचा आणि त्याखाली, मला तरी, आबांचा वास यायचाच. पोरं बैल करायची, ट्रॅक्टर करायची, सासू-सून करायची. निमाला एकच वस्तू यायची, साप. सगळ्या रंगांचे साप करून ती ते ओळीनं खिडकीत ठेवायची. आत्या फार गोड स्वभावाची होती असं नाही. रंग एकात एक मिसळले की ती दंडाच्या आतल्या मऊ भागाला असा चिमटा घ्यायची की आठवडाभर हिरवं राहायचं. तरी पोरं सकाळी भोंग्याच्या आधी फाटकात यायची.

हळदीच्या गोळ्याचा एक खेळ होता. आबांची चुन्याची डबी आत्यानं टाकली नव्हती. पोरांनी डोळे मिटायचे. आत्या सगळ्यांच्या अंगठ्यांवरून ओलं फडकं फिरवायची, त्यात एकाच्या अंगठ्याला हळूच चुना लावायची आणि दिसणार नाही इतपत पुसून टाकायची. मग पिवळा गोळा फिरायचा, ज्यानं त्यानं आपला अंगठा दाबायचा. सगळे ठसे पिवळेच राहायचे, एक हळूहळू लाल व्हायला लागायचा, आधी विटकरी, मग थेट कुंकवासारखा. पोरं नाचत ओरडायची, ‘चोर सापडला! चोर सापडला!’ ‘कुंकू बी असंच बनते,’ आत्या सांगायची, ‘हळदीले चुना लावला का झालं.’ निमाला या खेळाचं वेड होतं. जेवताना दादांच्या ताटातली हळद घातलेली भाजी बघूनसुद्धा ती माझ्या कानात पुटपुटायची, चोर सापडला.

आत्याला पाहायला माणसं येत. उंच, काळी, एक दात पुढं. भातकुली गावाकडच्या मंडळींनी तिला तोंड धुऊन यायला लावलं, पावडर किती आहे ते कळावं म्हणून. ती गेली, धुऊन आली, ओल्या तोंडानं त्यांच्यासमोर बसली, आणि ते पोहे खाऊन गेले ते गेलेच. दुसऱ्या कोणी तिला दोरा ओवायला लावला, कोणी चालायला. प्रत्येक नकारानंतर आई दोन दिवस भाकरीच्या तालावर बोलायची. ‘आता हिले म्हातारपनी कोन पोसन? माया पोरी?’ आत्या तिकडं लक्ष न देता चक्कीवरचं पीठ चाळत बसायची. तिची अट एकच होती आणि ती तिनं दादांना माझ्यासमोर सांगितली होती.

‘काळा चालंन, बुटका चालंन, बिजवर चालंन. तंबाखू खानारा नाई चालत. मी एक तोंड धुतलं, दुसरं नाई धूत.’

दादा म्हणाले, ‘बरं.’ वकिलाचं बरं.

चांदूर बाजारकडून स्थळ आलं. संत्र्याचे बगीचे, दारात ट्रॅक्टर, हुंडा नको, आणि त्यांच्या भाऊबंदकीचे सगळे दावे दादांकडे. मुलाचं नाव दिनकर. दादांनी जेवताना जाहीर केलं, मुलगा संपूर्ण निर्व्यसनी आहे, मी स्वतः चौकशी केली आहे. आत्या म्हणाली, मागं दाव्याच्या कामानं तो घरी आला होता तेव्हा तो गेल्यावर कण्हेरीच्या बुंध्याशी थुंकलेलं होतं, तिनं स्वतः पाणी टाकलं. ‘दुसऱ्या कोनाचं असंन,’ दादा म्हणाले. ते वऱ्हाडीत म्हणाले, म्हणून आत्या पुढं काही बोलली नाही.

दसरा तोंडावर होता तेव्हा ते बघायला आले. आई सकाळपासून सांबारवड्या तळत होती. कोथिंबिरीचा आणि गरम तेलाचा वास रस्त्यापर्यंत जात होता. आत्या मात्र समोरच्या खोलीत कणीक मळत होती. केशरी नाही, निळी नाही, एकच मोठा पिवळाधमक गोळा. आज पोरांना सुट्टी दिली होती. मी विचारलं, एवढा पिवळा कशाला? ‘पाव्हने येऊन राह्यले ना,’ ती म्हणाली, ‘त्याइले खेळाले.’ मग तिनं निमाला जवळ घेतलं, तिच्या केसांना तेल लावलं आणि तिला काहीतरी समजावलं. निमा मान हलवत होती. तिचे डोळे चमकत होते.

दिनकर, त्याची आई आणि बरोबर एक-दोन नातेवाईक. दिनकर दिसायला बरा होता. तो फारसा बोलत नव्हता, आणि बोलला की मान जरा वर करून, ओठ मिटल्यासारखे ठेवून. पोह्यांच्या आधी तो हात धुवायचे म्हणून अंगणात गेला आणि हात धुवायला लागतो त्याहून बराच उशिरा परत आला. त्याच्या आईनं आत्याला समोर बसवलं. ‘उभी राय बाई. चाल पाहू. तिकडून इकडं ये.’ आत्या चालली. ‘आता हास. दात पाहू दे.’ आत्यानं तोंड उघडलं, तशी त्या बाईनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. बाजारात गाय घेताना बघतात तसं तिनं आत पाहिलं. ‘एक पुढं हाय. चालते.’ दादा हसले. आई म्हणाली, ‘स्वभावानं गरीब हाय हो,’ आणि मग दिनकरच्या आईनं आपल्या मुलाचे गुण सांगितले. ‘माया पोरगा सुपारीचं खांड बी तोंडात धरत नाई. लाख रुपयाचं पोरगं हाय.’

तेव्हा निमा आली. दोन्ही हातांत पिवळा गोळा, पाय उचलून टाकत, सांडेल की काय अशा बेतानं. ‘खेळ हाय,’ ती म्हणाली, ‘सगळ्याइनं अंगठा लावा.’ पाहुण्यांना गंमत वाटली. दादांनी स्वतः पहिला अंगठा लावला, ‘ही आमची धाकटी, फार चुणचुणीत आहे’ असं म्हणत. आईनं लावला, दिनकरच्या आईनं लावला. दिनकरनं हसत लावला आणि अंगठा धोतराला पुसला. निमा गोळ्याकडं टक लावून उभी राहिली. सगळ्यांचं पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. मी आत्याकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती आणि पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. शेवटचा ठसा विटकरी झाला. मग कडेनं लाल झाला, मग सगळाच.

‘चोर सापडला!’ निमा ओरडली. ‘हे काका चोर! हे काका चोर!’ आणि गोळा डोक्यावर धरून ती बैठकीच्या मधोमध नाचायला लागली.

‘काय म्हनते वो पोट्टी?’ दिनकरच्या आईनं विचारलं.

‘चुना हाय त्याइच्या अंगठ्याले,’ आत्या म्हणाली. आवाज अगदी साधा. ‘आत्ताच तंबाखू मळून आले अंगनातून.’

दिनकरच्या आईला उत्तर शोधायला वेळ लागला नाही. ‘घराले चुना मारून राह्यलो आमी, दसऱ्याचा. त्याचा लागला असंन हाताले. कामाचं पोरगं हाय माय, बसून खानारं नाई.’

‘मग तोंड उघडाले सांगा त्याइले,’ आत्या म्हणाली. ‘मी दाखवले ना दात? मले चालवलं, हासवलं, उजेडात धरलं. आता त्याइनं तोंड उघडावं. उजेड तोच हाय.’

 मी दिनकरच्या गळ्याकडं बघत होते. त्याची घाटी वर गेली आणि खाली आली. तोंडात होतं ते सगळं त्यानं गिळलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तरीही त्यानं तोंड उघडलं नाही. त्या वेळी मला वाटलं, आत्या जिंकली. पुरावा लाल होता, निमाच्या हातात होता, सगळ्यांनी पाहिला होता, आणि माझे वडील पुराव्यांवरच जगत होते.

दादा उठले. त्यांनी निमाच्या हातातून गोळा घेतला आणि परत येऊन बसले. ‘मुलांचा खेळ आहे, आपण मनावर घेऊ नये,’ ते म्हणाले, ‘आमच्या भगिनी मुलांमध्ये राहून मुलांसारख्याच झाल्या आहेत.’ बोलता बोलता ते तो गोळा मळत होते. जन्मात कधी परातीला हात न लावलेला माणूस, पण इतकं छान मळत होते. अंगठ्याचा ठसा घडीत गेला, लाल रेघा झाल्या, रेघा पसरल्या, आणि शेवटी पिवळाही नाही आणि लालही नाही असा एक मळकट गोळा उरला. तो त्यांनी पोह्यांच्या उष्ट्या ताटलीत ठेवला, रुमालानं बोटं पुसली आणि म्हणाले, ‘चहा घ्यावा.’ चहा झाल्यावर सुपारी फुटली. लग्न ठरलं. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि ती नाही म्हणत होती, स्पष्ट, पुन्हा पुन्हा, आणि पाहुणे चपला घालत होते.

ते गेल्यावर दादा वऱ्हाडीत आले. त्यांनी आत्याला हात लावला नाही. निमाला मारलं. एवढंसं पोर उचलून भिंतीशी उभं केलं आणि ज्या हातानं गोळा मळला त्याच हातानं मारलं. ‘कोन चोर? सांग. कोन चोर?’ आत्या मधे पडली तर तिला बाजूला सारून ते म्हणाले, ‘तुले नाई मारत मी. लग्नाच्या पोरीच्या आंगावर वळ नाई पायजे.’ दुसऱ्या दिवशी समोरच्या खोलीला कुलूप लागलं. रंगीत गोळ्यांचे डबे आणि निमाचे खिडकीतले साप आईनं नालीत ओतले. फाटकाशी आलेल्या पोरांना तिनं सांगितलं, ‘बाईचं लगन हाय, आता येजा नका.’ पोरं नालीतले रंग बघत बराच वेळ उभी राहिली.

त्यानंतर रोज संध्याकाळी दादा कोर्टातून आले की ओसरीवर बसून आत्याला विचारायचे, ‘काय ठरवलं?’ आत्या म्हणायची, ‘नाई.’ मग ते निमाला हाक मारायचे. दुसरं काही नाही. आवाज चढवायचे नाहीत, आत्याला एक शब्द बोलायचे नाहीत. आई भाकरी थापता थापता आत्याला म्हणायची, ‘पाय, तुयापायी लेकरू मार खाऊन राह्यलं. तुले काई वाटते का?’ जिनं स्वतःच्या लेकराला एकदाही उचलून आत नेलं नाही, ती हे म्हणायची. निमा दादांच्या स्कूटरचा आवाज आला की उभ्या उभ्या मुतायची. ती आत्याजवळ जाईनाशी झाली. आत्यानं हाक मारली की माझ्यामागं लपायची. आत्यानं मला एकदा विचारलं, ‘मंदे, ती मले भेते का वो?’ मी म्हटलं, हो. खोटं काय सांगू?  त्या संध्याकाळी स्कूटर फाटकाशी थांबायच्या आधीच ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि दादांना म्हणाली, ‘हो म्हना त्याइले.’ दादांनी स्कूटर स्टँडवर लावली, आत आले आणि निमाला खिशातून लिमलेटची गोळी काढून दिली.

आता या वयात मी दादांना माफ केलं का, असं मला कोणी कोणी विचारतं. नाही केलं. ते गेले तेव्हा शोकसभेत बार रूममधले वकील म्हणाले की असा मृदुभाषी माणूस होणे नाही, आणि ते खरंच होतं, त्यांनी त्यांची दुसरी भाषा ऐकली नव्हती. आत्याच्या संसाराबद्दल मी फार लिहिणार नाही. तिथं संत्री होती, ट्रॅक्टर होता, दोन मुलं झाली. दिनकरमामांचं तोंड उघडेनासं झालं तेव्हा मी तिला भेटायला गेले होते. ती पेज गाळत होती. चमचा आबांच्या वेळी धरायची तसाच धरला होता, दुसऱ्या हातात फडकं. मला म्हणाली, ‘सवय हाय मले,’ आणि हसली, तो पुढचा दात दिसला.

पण मला लिहायचं आहे ते हळदीबद्दल. लग्न अमरावतीलाच होतं. आमच्याकडं आधी नवऱ्या मुलाला हळद लावतात आणि उरलेली, उष्टी हळद, नवरीला येते. सकाळी आत्या पाटावर बसली होती, पिवळ्या लुगड्यात, डोळे कोरडे. जानवशाहून बायका वाजतगाजत आल्या, पुढं दिनकरची वहिनी, तिच्या हातात विड्याच्या पानानं झाकलेला वाडगा. तिनं हसत सांगितलं, ‘नवरदेवानं सोताच्या हातानं कालवून पाठोली, आपल्या बायकोले.’ आईनं वरचं पान उचललं. हळद पिवळी होती आणि तिच्यात, कडेपासून मधेपर्यंत, जिथं जिथं त्याची बोटं फिरली होती तिथं, लाल रेघा होत्या.

‘अगं माय!’ कोणी म्हातारी ओरडली. ‘पाहा वो, हळदीत कुंकू उतरलं!’

बायकांची एकच झुंबड उडाली. प्रत्येकीला वाडगा बघायचा होता. अंबादेवीचा प्रसाद हाय, कोणी म्हणालं. पोरीचं अखंड सौभाग्य लिहून आलं, कोणी म्हणालं. आईनं हात जोडले आणि तिचे डोळे खरोखर भरून आले. एवढी वर्षं त्या खोलीत तो खेळ चालला, तिनं एकदा आत डोकावून बघितलं नव्हतं. दादा दारात आले, त्यांनी वाडग्याकडं पाहिलं. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ‘शुभ आहे,’ ते म्हणाले, पुस्तकातल्या मराठीत.

वाडगा आत्यासमोर आला. तिनं त्या लाल रेघांकडं बघितलं आणि मग मान वर करून आम्हा दोघींना शोधलं. मी निमाचा हात धरून कोपऱ्यात उभी होते. आत्यानं तिला जवळ बोलावलं. निमा माझ्याकडं बघून, पाय ओढत गेली. आत्यानं वाडगा तिच्यापुढं धरला, आमच्या खेळात धरायची तसा, आणि बायकांच्या गलक्यात तिला विचारलं, ‘पाय निमे. सांग पाहू, कोन सापडला?’

निमानं वाडग्यात पाहिलं. तिला कळलं होतं. तिचा हात उठला होता, बोट दाखवायला. मग तिनं दाराकडं पाहिलं. दादा अजून तिथं उभे होते. तिनं हात खाली घेतला आणि पाठीमागं लपवला.

‘कोनीच नाई,’ निमा म्हणाली.

आत्यानं तिच्या गालावरून हात फिरवला, डोळे मिटले, आणि हळद लावायला तोंड पुढं केलं.